एका पत्र्यात तीन

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी केवलराम पुस्तोडेनं चौथा हात मशीनमध्ये घातला.

हात केळीच्या गाभ्याचा होता. आत हाडाच्या जागी बांबूची कामटी, वर बायकोच्या जुन्या पोलक्याची बाही, मनगटावर काचेच्या सहा बांगड्या आणि मुठीच्या जागी बांधलेली धानाची पेंडी. हा हात लांब काठीच्या टोकाला होता. बाई जशी पेंडी सरकवते तसा, घाई न करता, केवलरामनं तो पुढं सरकवला. आतला दातेरी ड्रम मिनिटाला साडेसहाशे फेरे घेत होता. त्यानं आधी पेंडीचे शेंडे धरले, मग पेंडी, मग मूठ. मनगट, कोपर आणि बाही जायला दोन सेकंदही लागले नाहीत. पलीकडून तणसासोबत गाभ्याचा ओला चोथा पडला. बांगड्यांची काच उडून पत्र्याच्या भिंतीवर वाजली. काठी हिसकली गेली आणि निम्मीच परत आली.

त्यानं इंजिन बंद केलं. दारावर खडूनं चौथी उभी रेघ ओढली. चार हात घातले, चार गेले.

"रोज माहा हात तोडून राहिले तुम्ही," जुन्या बांगड्यांचा डबा पुढं करत नंदाबाई, त्याची बायको, आदल्या संध्याकाळी म्हणाली होती. "पाय कवा तोडता?"

"पायाची मशीन निघाली नाही अजून," तो म्हणाला होता.

हा शेती अवजारांचा कारखाना सडक अर्जुनीला, हायवेला लागून आहे. हजेरीपटावर केवलरामच्या नावापुढं 'फिटर' लिहिलेलं आहे. त्याचं खरं काम वेगळं. नवी मशीन बाजारात न्यायची की नाही हे तो ठरवतो, आणि ते तो मशीन फोडून ठरवतो. कारखाना काढणाऱ्या मनिराम सेठनी तीस वर्षांपूर्वी तशी रीत घालून दिली: नवी मशीन पंधरा दिवस केवलरामच्या ताब्यात. तो तिच्यात ओलं धान घालतो, चिखल घालतो, खडे घालतो, साखळीचा तुकडा घालतो, आठ किलोच्या घनानं तिचे सांधे ठोकतो. पंधराव्या दिवशी एक तर तिच्या पत्र्यावर 'चालते' असं लिहितो, नाही तर काहीच लिहीत नाही. ज्या मशीनवर लिहिलं नाही तिचं पुढं काही होत नाही. आज पंचावन्न वर्षांचा असलेल्या केवलरामनं आजवर सहा मशीन तपासल्या. चार मारल्या.

त्याचे पूर्वज कोहळी, तलाव बांधणारे. पाळ, म्हणजे तलावाचा बांध, घालण्याआधी पाणी ती कुठून फोडेल तिथं जाऊन बसायचं, असं त्याचा आजा सांगायचा. केवलरामनं आयुष्यात एकही तलाव बांधला नाही, पण बसायची जागा तीच ठेवली. खर्चाचा त्याचा हिशेबही तिथूनच निघतो. परत आलेली एक मशीन तीन मशीन खाते, असं तो म्हणतो: एक ती स्वतः, एक तिच्या वाहतुकीत आणि फुकटच्या दुरुस्तीत, आणि एक शेजाऱ्याची, जो ती ट्रॉलीवर परत जाताना पाहतो.

सध्या त्याच्या ताब्यात असलेली सातवी मशीन स्वप्निलची होती. स्वप्निल हा आताचे मालक वीरेंद्र यांचा मुलगा, मनिराम सेठचा नातू. वय पंचवीस, गोंदिया शहरात वाढलेला, नागपुरातून व्यवस्थापन शिकून आलेला. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मोठ्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या शेतांत, आता हार्वेस्टर फिरतो. कारखान्याची धान चुरायची, म्हणजे मळायची, मोठी मशीन वर्षाला आठ-दहाच्या वर खपत नाही. पण एक-दीड एकरवाल्याच्या बांधीत हार्वेस्टर वळतच नाही. त्यांच्यासाठी चार बायकांना उचलता येईल अशी छोटी मशीन करायची आणि ती बचत गटांना विकायची. साचे, नमुने आणि फिरती मिळून साडेनऊ लाख घातले होते. एका मशीनमागं सहा हजार आठशे सुटणार होते, म्हणजे एकशे चाळीस खपल्यावर घातलेला पैसा निघाला असता. स्वप्निलनं अकरा गावांत दोनशे बारा बायकांना विचारलं होतं आणि एकशे त्रेसष्ट हो म्हणाल्या होत्या. अट एकच होती, किंमत तीस हजारांच्या आत. ती सातशे रुपयांनी वर जात होती.

ते सातशे वीरेंद्रनं पन्हाळीतून काढले. पन्हाळ म्हणजे ज्या पत्र्यावरून पेंडी आत सरकवायची तो. ती तीन फुटांची केली तर आठ बाय चारच्या एका पत्र्यातून, वरच्या झाकणासकट, दोन निघतात. दोन फुटांवर आणली आणि वरचं झाकण चार इंच आखडलं, तर तीन. पत्रा, वेल्डिंग आणि पुढचा टेकू धरून मशीनमागं नऊशे रुपये वाचतात. किंमत एकोणतीस हजार आठशे झाली. केवलरामचे पंधरा दिवस संपण्याची वाट न पाहता वीरेंद्रनं चौदा पत्रे कापून घेतले. बेचाळीस आखूड पन्हाळी एकात एक घालून गोदामात रचलेल्या होत्या.

पत्रा वाचवायची ही युक्ती नवी नव्हती. मोठ्या मशीनवर केवलरामनं 'चालते' लिहिलं तेव्हा तिची पन्हाळ तीन फुटांची होती. पुढच्या वर्षी मनिराम सेठ वारले आणि पन्हाळ दोन फुटांची झाली. केवलरामनं ते पाहिलं. अक्षरं पुसायला एक फडकं पुरलं असतं. तो काही बोलला नाही.

त्या मशीननं २०१७ च्या नोव्हेंबरात बोडीटोल्यात उमराव लांजेवारचा उजवा हात खांद्यापासून नेला. तिसऱ्या दिवशी कारखान्यानं केवलरामला 'मशीन पाहून ये' म्हणून पाठवलं. गाव मालकाला मारत नाही, कारण मालक गावात येत नाही. गाव मारतं ते पाना घेऊन आलेल्या माणसाला. केवलरामला मशीनच्या चाकाला बांधलं आणि बैलगाडीच्या उभारीच्या दांडक्यानं मारलं. गळ्याजवळचं हाड, तीन बरगड्या आणि वरचे चार दात गेले. मग दोघांनी त्याला सोडवून त्याचा उजवा हात पन्हाळीत धरला आणि तिसऱ्यानं इंजिनाला हँडल मारलं. ड्रम फिरायला लागला. बोटं दात्यांपासून वीतभर असताना इंजिन बंद पडलं.

उमराव तेव्हा नागपूरच्या दवाखान्यात होता. त्याची बायको सुभद्राबाई कपडे न्यायला गावी आली होती. डिझेलचा खटका तिनं ओढला होता.

"एक गेला म्हून दुसरा कायले घालता जी?" ती त्या तिघांना म्हणाली.

ऐंशी हजारांत समझोता झाला. त्यानंतर आजूबाजूच्या पाच गावांनी या कारखान्याचा विळासुद्धा घेतला नाही. केवलरामचा जबडा आजही डावीकडं पूर्ण उघडत नाही.

चौथा हात गेला त्याच दिवशी, साडेदहाला, छोट्या मशीनचं प्रात्यक्षिक बोडीटोल्यातच होतं. गाव स्वप्निलनं निवडलं होतं. तिथल्या एकोणीसच्या एकोणीस बायका हो म्हणाल्या होत्या. आठ वर्षांपूर्वीचं त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.

"काका, ये गाव तो पूरा डन है," पिकअप चालवताना तो म्हणाला. "तुम्ही फक्त मशीन चालवा."

"चालवतो," केवलराम म्हणाला. त्यानं दुपट्टा तोंडावर ओढून घेतला.

समाजमंदिरासमोर बायका बसल्या होत्या. जवळच्या पुंजण्यातून, म्हणजे कापलेल्या धानाच्या गंजीतून, दोन भारे काढून ठेवले होते. मशीन खाली उतरवली. स्वप्निलनं स्वतः दोरी ओढून इंजिन चालू केलं. केवलराम पन्हाळीशी वाकला आणि दुपट्टा मशीनमध्ये जाऊ नये म्हणून त्यानं तो काढून बाजूला टाकला. सवयीनं हात तेवढं करून गेला. तोंड उघडं पडलं.

रोशन हा उमरावचा पुतण्या. २०१७ साली तो अठरा वर्षांचा होता आणि हँडल मारणारा तोच होता. त्याची पहिली लाथ केवलरामच्या गुडघ्यामागं बसली. मग ठोसा नाकावर. केवलराम पन्हाळीवर तोंडघशी पडला. रोशननं त्याची मान पकडली आणि चेहरा पत्र्यावरून पुढं, ड्रमकडं रेटला. केवलरामनं दोन्ही हात पन्हाळीच्या कडांना रोवले. कडा घासलेल्या नव्हत्या. त्या दोन्ही तळव्यांत घुसल्या. दाते इतके जवळ होते की त्यांचा वारा कपाळाला लागत होता.

"रोशन," मागून कोणीतरी शांतपणे म्हणालं. "आधी मशीन बंद कर. मंग मार."

तो उमराव होता. उजवी बाही खांद्यापाशी गाठ मारलेली, डाव्या हातात विडी. दोन-तीन बायका हसल्या. रोशननं खटका दाबला. मशीन थांबेपर्यंत त्याचा राग निम्मा उतरला होता. त्यानं केवलरामला कॉलर धरून बाजूला फेकलं आणि पाठीत आणखी एक लाथ घातली.

"पुन्हा कायले आला बे? दुसरा न्याले?"

"त्याले बोलवलं नाही का आपनच?" उमराव म्हणाला. "मशीन पाहाची आहे नं. पाहा."

पन्हाळीवर केवलरामचं रक्त सांडलं होतं. सुभद्राबाई पुढं आली आणि तिनं तांब्याभर पाण्यानं पत्रा धुतला. ते माणुसकीचं काम नव्हतं. तिला माप घ्यायचं होतं. बंद मशीनच्या पन्हाळीत तिनं आपला हात सरळ आत घातला. पन्हाळीची कड खांद्याला टेकण्याआधी तिची बोटं दात्यांना लागली. तिनं ती तिथंच, लोखंडावर, क्षणभर ठेवली. हात बाहेर काढून ती बाजूला झाली. मग दुसरीनं हात घातला, मग तिसरीनं. एकोणिसांपैकी चौदा जणींनी घातला.

"तर मग ताई?" स्वप्निलनं विचारलं. मोबाइल त्याच्या हातात होता. "घेणार ना?"

"पाहू जी," सुभद्राबाई म्हणाली.

"पाहू जी," दुसरी म्हणाली. तिसरीही तेच. सगळ्या गोड बोलत होत्या. स्वप्निलच्या मोबाइलमधल्या अर्जात दोनच खाने होते, 'हो' आणि 'नाही'. 'नाही' तर कोणीच म्हणत नव्हतं. तो 'हो'वर बोट ठेवत गेला.

मशीन पिकअपमध्ये चढवताना सुभद्राबाई केवलरामपाशी येऊन उभी राहिली. त्याच्या नाकाला चिंधी लावलेली होती.

"हे लांब नाही होत?" तिनं पन्हाळीकडं बोट केलं.

"होते."

"मंग तशी कवा देता?"

केवलरामनं गोदामातल्या बेचाळीस पन्हाळी आठवल्या. "पाहू जी," तो म्हणाला.

सुभद्राबाई हसली. "म्हंजे नाही," ती म्हणाली आणि गेली.

स्वप्निल पिकअपच्या दारात उभा होता. त्यानं ते ऐकलं. गाव सोडून दोन किलोमीटर गेल्यावर त्यानं विचारलं.

"काका, पाहू जी म्हणजे नाही?"

"नाहीच."

"तो सीधा ना क्यों नहीं बोलते?"

"तू त्याहिच्या दारात आला, पानी पेला. तोंडावर नाही कसं म्हनतीन? घ्याचं नसलं की पाहू जी. घ्याचं असलं की मानूस एकच विचारते, कवा देता."

स्वप्निलनं गाडी कडेला घेतली. कॉलेजात एक चांगली गोष्ट शिकवली होती: समोरचा जे बोलला ते शब्दशः एका रकान्यात लिहायचं. तो रकाना त्यानं भरलेला होता, वाचला मात्र कधी नव्हता. आता वाचला. एकशे त्रेसष्टमधल्या एकशे एक्केचाळीस जणींपुढं वेगवेगळ्या प्रकारे 'पाहू' लिहिलेलं होतं. 'कवा देता' बावीस ठिकाणी होतं.

"आणि तुम्हाला मारलं का?"

केवलरामनं सांगितलं. सगळं मिळून चार वाक्यं लागली.

दुपारी अडीचला ते कारखान्यात पोहोचले. वीरेंद्र गोदामाच्या दारात उभा होता. चार वाजता हीच मशीन देवरीकडच्या एका गावात दाखवायची होती. मुलानं आकडा सांगितला: एकशे त्रेसष्ट नाही, बावीस. वीरेंद्रनं तो ऐकून घेतला आणि मुलाकडं न पाहता केवलरामकडं पाहिलं.

"पोराचे कान तू भरले."

"कान नाही भरले. बायांनं हात घालून पाह्यला, भाऊ. बोटं दात्याले लागते."

"चौदा पत्रे कापून पडलेत. बेचाळीस पन्हाळी. त्याचं काय करू, घरावर टाकू? पैसा गेला नं त्यात?"

"गेला. लावली तरी गेला, नाही लावली तरी गेला." केवलरामनं नाकावरची चिंधी काढली. "एक हात गेला म्हून कोनी दुसरा घालत नाही, भाऊ."

तो हात कोणाचा, हे गोदामात उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आठ वर्षांत त्याचं नाव या छपराखाली कोणी काढलं नव्हतं. वीरेंद्रच्या मागं खुंटीवर इंजिनाचे जाड रबरी पट्टे टांगलेले होते. त्यानं एक ओढला आणि दुहेरी करून मारला. पहिला फटका दंडावर बसला, दुसरा कानावर. तिसरा गळ्याजवळच्या जुन्या हाडावर बसला आणि केवलराम गुडघ्यावर आला. स्वप्निल मध्ये आला तेव्हा चौथा त्याच्या मनगटावर पडला. मोबाइल उडून पन्हाळींच्या ढिगात गेला.

केवलराम उठला. त्यानं भिंतीला टेकवलेला आठ किलोचा घन उचलला. वेल्डिंग करणारे दोघे मागं सरकले. वीरेंद्र सरकला नाही. तो पट्टा हातात घेऊन तसाच उभा राहिला, रंग उतरलेला. दोघांमध्ये पाच पावलांचं अंतर होतं. केवलराम त्याच्या शेजारून गेला, पिकअपवर चढला आणि घन मशीनच्या तोंडावर घातला.

अकरा घाव घातले. तिसऱ्याला पन्हाळ दुमडली. पाचव्याला झाकण तुटून रस्त्याकडं उडालं. आठव्याला ड्रमचा आस वाकला. कापलेल्या तळव्यांमुळं दांडा रक्तानं घसरत होता, म्हणून शेवटचे तीन सरळ बसले नाहीत. एकानं पिकअपची फळी फोडली. मग त्यानं घन खाली ठेवला आणि तिथंच बसला.

"ही चार वाजता देवरीला जाणार होती," वीरेंद्र म्हणाला.

"आता नाही जात."

स्वप्निलनं ढिगातून मोबाइल काढला. काच तडकली होती. तो बापासमोर जमिनीवर उकिडवा बसला आणि केवलरामच्याच खडूनं फरशीवर लिहीत गेला. आखूड पन्हाळीच्या एकशे चाळीस मशीन खपणार नाहीत. शंभर बनवल्या तर अठ्ठ्याहत्तर पडून राहतील. एखादीनं हात घेतला तर पाच गावं जातात, हे या कारखान्यानं आधीच एकदा करून पाहिलं आहे. लांब पन्हाळीची मशीन तीस हजार सातशेला पडेल. या हंगामात त्यातून साडेनऊ लाख निघणार नाहीत, दीड-एक लाख निघतील. पुढच्या वर्षी किती निघतील ते एकही परत येते का, यावर आहे.

"आणि तीस हजारांच्या आत पाहिजे होतं ते?" वीरेंद्रनं विचारलं.

"ते मीच विचारलं होतं, बाबा. त्यांनी किंमत विचारलीच नाही. त्यांनी हात घातला."

वीरेंद्र आकड्यांकडं पाहत राहिला. पट्टा अजून त्याच्या हातात होता. तो त्यानं खुंटीवर परत टांगला.

"बावीस."

"चोवीस," केवलराम पिकअपवरून म्हणाला. "दोन मले फोडाले पाहिजे."

"त्याच्या वर एक नाही. आणि या मशीनचे सात हजार तुह्या पगारातून."

"काटा."

माफी कोणी मागितली नाही. आखूड पन्हाळी भंगारवाल्याला द्यायचं ठरलं. केवलराम सहाला घरी पोहोचला. नंदाबाईनं त्याचा सदरा कात्रीनं खांद्यापासून कापून काढला, कारण हात वर जात नव्हता. कानामागचं रक्त पुसताना तिनं विचारलं, यावेळी कोणी मारलं, गावानं की सेठनं. दोघांनी, असं त्यानं सांगितलं. मग तिनं विचारलं, उद्या बांगड्या लागतील का. सहा लागतील, तो म्हणाला, आणि बाही लांब असलेलं एखादं पोलकं.

कारखान्याच्या दारावर, चार रेघांच्या खाली, उद्याच्या सकाळच्या पाळीचं काम खडूनं लिहिलेलं आहे: बारा पत्रे कापणे, आठ वाजता, एका पत्र्यात दोन.